डोळे मिटून पाच मिनिटं

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब कसे घालायचे ते शिकवण्याचं काम मी बावीस वर्षं करतेय. गुजराती मुलखातला, सयाजीगंजातला आमचा दवाखाना लहान, पण बाकं सकाळपासून भरलेली. नव्या पेशंटला माझा पहिला प्रश्न ठरलेला, "थेंब कोण घालणार?" पुरुष शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवतात. बायका म्हणतात, "मीच." बावीस वर्षांत या उत्तरात फरक पडला नाही, आणि मला त्याचा राग येणंही काही थांबलं नाही.

वासणा भागातल्या पद्माताई आणि त्यांचे यजमान विश्वंभरराव सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. दोघांनाही काचबिंदू. औषध एकच, वेळाही त्याच, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. थेंब घातला की डोळे मिटायचे, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबायचा आणि पाच मिनिटं पडून राहायचं. नाहीतर औषध नाकावाटे घशात उतरतं. दोघांना समोर बसवून मीच हे शिकवलं होतं. पद्माताईंनी नीट ऐकलं. त्या ऐकताहेत म्हटल्यावर विश्वंभररावांनी ऐकलं नाही.

तसा माणूस सज्जन. कारखान्यातून निवृत्त झालेला, कुणाला वर तोंड करून बोलणार नाही. पद्माताईंचे सकाळचे सात मात्र नात सानवीच्या शाळेच्या व्हॅनचे, सुनेच्या डब्याचे, दुधाचे.

गेल्या मार्चात दोघांच्या नजरेची तपासणी झाली. डोळ्याला जिथलं दिसत नाही तिथे काळं दाखवणारे दोन्ही कागद डॉक्टरांनी शेजारी शेजारी ठेवले. विश्वंभररावांचा सहा वर्षांपूर्वी होता तसाच. पद्माताईंच्या डाव्या डोळ्याचा जवळजवळ सगळा काळा, आणि उजव्याचे काठ काळे पडू लागलेले.

"काका, एकदम सरस! वेळ बराबर पाळता," डॉक्टर म्हणाले. मग पद्माताईंकडे वळून, "तुम्ही हयगय केलीत, बेन. डावा गेला तो गेला, परत येणार नाही. आता उजवा तरी सांभाळा."

"चुकलंच माझं," पद्माताई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांपुढे बोलायची सोय नव्हती. दोघांना माझ्या खोलीत आणून बसवलं.

"काका, पाच मिनिटं झाली हे तुम्हाला कसं कळतं?"

"ही सांगते ने. घड्याळ घेऊन उभी असते. तोवर मला हलू देत नाही."

"आणि ताई, तुमची पाच मिनिटं?"

"दूध गॅसवर ठेवते नि घालते, बेन. दूध वर आलं की उठावंच लागतं. कधी सानवी हाक मारते, कधी बेल वाजते. संध्याकाळी तर राहूनच जातं कितीदा. सगळं घर उभं असताना मी आडवी कशी होऊ?"

विश्वंभरराव पद्माताईंकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मला एकदा सांगायचं तरी."

"सात वाजता तुमचे डोळे मिटलेले असायचे," पद्माताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पद्माताईंच्या थेंबांची बाटली विश्वंभररावांच्या हातात दिली आणि त्यांना बाकावर आडवं केलं. पहिला थेंब गालावर ओघळला, दुसरा उजव्या डोळ्यात पडला. भिंतीवरचं घड्याळ काढून मी विश्वंभररावांच्या मांडीवर ठेवलं.

मिनिटभरात पद्माताई कोपर टेकून उठू लागल्या. "झाली असतील."

"पडून राहा. अजून चार आहेत," विश्वंभरराव म्हणाले.

पर्समध्ये फोन वाजला. त्यांचा हात तिकडे गेला. विश्वंभररावांनी तो धरला आणि फोन बंद केला. पुन्हा एकदा त्या उठू पाहत होत्या, पुन्हा त्यांनी खांद्याला धरून निजवलं. मग त्या निवांत झाल्या. कपाळावरची आठी गेली. इतक्या वर्षांत तो चेहरा मी तसा पाहिला नव्हता.

"झाली," विश्वंभरराव म्हणाले.

पद्माताई उठून बसल्या. मान वळवून, उरलेल्या डोळ्याने त्यांनी घड्याळ पाहिलं.

"एवढी मोठी असतात पाच मिनिटं?"

सहा वर्षं पुरी पाच मिनिटं मिळालेल्या विश्वंभररावांना उत्तर ठाऊक होतं. झाकण लावून त्यांनी बाटली स्वतःच्या खिशात ठेवली.