हरिपदबाबूंना कुठल्या डब्यातून न्यायचं

खरगपूरच्या मलंचा भागात कुणाला वेल्लोरला उपचारासाठी न्यायचं ठरलं की घरची माणसं आधी देवापुढे हात जोडतात आणि मग निभा सामंतांच्या ओट्यावर येऊन बसतात. तिकिटाचं त्यानंतर. गाडी सगळ्यांना ठाऊक असते, काटपाडीला उतरायचं हेही ठाऊक असतं. अडतं ते एवढ्यावरच, की आपल्या माणसाला कुठल्या वर्गातून न्यावं.

निभामाशी, बंगालीत मावशीला माशी म्हणतात, बी.ए. होऊन संसारात पडल्या. नवऱ्याचं गोलबाजारात कापडाचं दुकान. त्याचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि वर्षानुवर्षं दोघांच्या वेल्लोरच्या खेपा सुरू झाल्या. दुकान चाललं त्या वर्षी वातानुकूलित, नाही चाललं त्या वर्षी स्लीपर, आणि एकदा तर आरक्षण फसल्यामुळे जनरलच्या डब्यात, संडासाच्या दाराशी वर्तमानपत्र पसरून. सामंतबाबू गेले, खेपा थांबल्या, पण डब्याडब्यांतून बसून माणसं बघायची माशींची नजर तशीच राहिली.

त्यांच्याकडे गेलं की पैसे किती घालणार हा प्रश्न कधी पहिला येत नसे. आधी त्या विचारायच्या, रात्री किती वेळा उठतात? एकटं बसवतं का? घोरतं कोण? नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला दोघांचीच खोली मिळेल या आशेवर फर्स्ट एसीचं तिकीट काढायचं होतं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "अरे, तिथं बर्थ शेवटी यादी लागल्यावर कळतो. तू एका दारामागे, ती दुसऱ्या, आणि मध्ये कोणी रिटायर्ड कर्नल." जाना कुटुंबातल्या आजीला लेकानं एसीतून पुरीला न्यायचं ठरवलं, तर माशींनीच ते मोडून तिला स्लीपरची खिडकी मिळवून दिली. का, तर म्हातारीला जगन्नाथाइतकीच ओढ वाटेतल्या चहावाल्यांची आणि बांगडीवाल्यांची. आणि डोळ्याचं ऑपरेशन करून येणाऱ्या घोषबाबूंना स्वस्तातल्या स्लीपरचा हट्ट सोडायला लावून धुळीपासून लांब, काच बंद असलेल्या डब्यात बसवलं, तेही त्यांच्याशी कडाक्याचं भांडून. वरचा वर्ग म्हणजे चांगला असं त्यांच्या लेखी काही नव्हतंच. माणूस बघून वर्ग.

फाल्गुनात मिताली बेरा त्यांच्याकडे आली ती तिकीट आधीच काढून. तिचे सासरे हरिपदबाबू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. उन्हाळ्याआधी ती बदलली तर माणूस ठणठणीत होईल, उशीर केला तर सांगता येत नाही, असं इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हातारा तयार झाला होता. माकडटोपी आणि मफलर स्वतःच्या हातानं पेटीत ठेवून झालं होतं. आणि काल तपननं, म्हणजे मितालीच्या नवऱ्यानं, फर्स्ट एसीची तिकिटं त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हापासून त्यांनी एकच धरून ठेवलं होतं, मी येत नाही.

"खर्चाला घाबरले असतील असं ह्यांना वाटतं," मिताली म्हणाली. "ह्यांनी शपथ घेऊन सांगितलं की कर्ज काढलेलं नाही. तरी नाही."

"तिकीट बघितल्यावर बोलले काय?"

"काहीच नाही, माशी. चष्मा काढून ठेवला आणि मुरमुऱ्याची वाटी बाजूला सारली."

निभामाशी उठून चपला घालायला लागल्या.

हरिपदबाबू अंगणात आरामखुर्चीत शाल लपेटून बसले होते. माशींनी आजाराचं नावही काढलं नाही. बाजारात रुई माशाचा भाव काय झालाय, हिलसा म्हणून कसला मासा गळ्यात मारतात, यावर दोघांनी मनसोक्त कुरकुर केली. मिताली स्वयंपाकघरात लुचीच्या पुऱ्यांसाठी कणीक मळत होती. खिडकीतून तिला सगळं ऐकू येत होतं, आणि माशी मुद्द्यावर कधी येणार या विचारानं तिचा हात कणकेतच थांबला होता.

मग माशींनी अगदी सहज विचारलं, "मास्टरमोशाय, फर्स्टमधून कधी गेलाय का हो तुम्ही?"

"मी? मी कशाला जाऊ?"

"मग घरातलं कोणी?"

हरिपदबाबूंनी शाल घट्ट ओढून घेतली. बोलले तेव्हा आवाज खाली गेला होता. "थोरला. दादा. त्यालाही वेल्लोरलाच नेलं होतं. जन्मभर थर्ड क्लासनं फिरला बिचारा. आम्ही सगळ्या भावांनी मिळून त्याला फर्स्टचं तिकीट काढलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती ते आम्हाला ठाऊक होतं, निभा. त्याला सांगितलं नव्हतं. गाडीत चढताना तो माझ्याकडे वळून बघत होता. त्याला कळलं होतं." मग ते म्हणाले, "आता पोरगा माझ्याकडे, आम्ही दादाकडे बघत होतो तसा बघतो. विचारलं तर सांगणार थोडाच आहे."

तपननं वडिलांपासून काहीच लपवलं नव्हतं. त्याला फक्त त्यांची चैन करायची होती. आणि त्या फर्स्टच्या तिकिटात म्हाताऱ्यानं स्वतःचा निकाल वाचला होता.

माशींनी त्यांना समजावलं नाही. डॉक्टर खरंच बरं म्हणाले असं सांगितलं असतं, तर दादाच्या वेळी आपण काय काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "एसी थ्री-टियरनं गेलात तर याल?"

"थ्री-टियर?" हरिपदबाबूंनी भुवया वर केल्या. "तपन बसू देईल मला तिथं?"

"मी बघते."

संध्याकाळी तपन कामावरून आला तो ऐकून उखडलाच. त्याचंही बरोबर होतं. मधला बर्थ, येणारेजाणारे, एका संडासापुढे रांग, आणि वडिलांना दोन पावलं चाललं तरी धाप. गल्लीतले लोक काय म्हणतील, हे तो बोलला नाही, पण ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"ज्यांनी मला फाटक्या छत्रीतून शाळेत नेलं, त्यांना मी त्या गर्दीत कोंबू?" तो म्हणाला.

"कोंबायचं नाही, बसवायचं," माशी म्हणाल्या. "तपन, तुला बाबांना फर्स्टमधून नेऊन दाखवायचंय, की नेऊन आणायचंय?"

मग माशींनी त्याला नीट सांगितलं. फर्स्टचं दार लावलं की आत तू, ते, आणि त्यांच्या डोक्यात दादा. वेल्लोरचं असं आहे की जाणारा प्रत्येक जण काही पहिल्यांदा जात नसतो. झडप बदलून, मूत्रपिंड बदलून वर्षं झालेली माणसं तपासणीला म्हणून दरवर्षी त्याच गाडीनं जातात, आणि ती सगळी भेटतात स्लीपरला नाहीतर थ्री-टियरला. स्लीपरला धूळ आहे, ती त्यांना चालायची नाही. म्हणून थ्री-टियर. "तू सांगितलंस तर त्यांना वाटेल पोरगा खोटं बोलतोय. बरा झालेला माणूस समोर बसून भजी खाताना दिसला तर त्याला काय म्हणतील?"

"आणि रात्री त्रास झाला तर?"

"होऊ शकतो," माशी म्हणाल्या. "मी सांगतेय म्हणून होणार नाही असं नाही. तो भार माझ्यावर टाक हवं तर. पण ते घरातच बसून राहिले तर काय होणार आहे, ते तुला डॉक्टरांनी सांगितलंय."

मग त्यांनी त्याला सगळेच करतात ती चूक करू दिली नाही. बापलेक एकत्र जाणार म्हणून दोघांचं एकच तिकीट काढायला तो निघाला होता. तसं केलं की म्हाताऱ्या माणसासाठी राखलेला खालचा बर्थ हातचा जातो, कारण सोबत जवान माणूस आहे. बाबांचं तिकीट वेगळं, एकट्याचं, खालच्या बर्थचं. तुझं वेगळं, त्याच डब्यात मिळेल ते. आणि नवीन हातात येईपर्यंत जुनं रद्द करायचं नाही. गुरुवारी निघायला बरेच जण का-कू करतात, तो बंगालात लक्ष्मीचा वार, त्या दिवशी घर सोडणं अशुभ. त्याच दिवशीच्या गाडीत जागा निघाली. हरिपदबाबू गणिताचे मास्तर, वार-नक्षत्र त्यांनी कधी मानलंच नव्हतं.

स्टेशनवर पोचवायला मिताली आणि माशी दोघी गेल्या. चढताना हरिपदबाबूंना मध्येच थांबावं लागलं. दांडा धरून ते उभे राहिले, श्वास जमवत. तपननं माशींकडे एकदा बघितलं, आणि ती नजर काही मायेची नव्हती. गाडी सुटली. रात्री माशींच्या घरातला दिवा उशिरापर्यंत तेवत असलेला मितालीनं बघितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माशी पीठ उसनं मागायला म्हणून आल्या आणि पीठ घेऊन तिथेच बसून राहिल्या. तेवढ्यात तपनचा फोन आला, आणि माशी इथंच बसल्यात हे मितालीनं आधी सांगून टाकलं. रात्री धाप लागली होती, पण उशा लावून बसवल्यावर पहाटे डोळा लागला, तो म्हणाला. मग जरा वैतागलेल्या आवाजात, "आणि आता बाबा जागेवरच नाहीत. पलीकडे कांथी गावचा साहा आडनावाचा कोणी बसलाय, सुक्या माशांचा व्यापारी. त्याचीही झडप बदललेली. शर्टाचं बटण काढून छातीवरची खूण दाखवतोय सगळ्यांना. बाबा त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेत. मी बोलवायला गेलो तर मलाच हाकलून दिलं. थांब, ते म्हणतायत माशींना फोन दे."

मितालीनं फोन माशींना दिला आणि कान जवळ नेला.

"निभा," पलीकडून गाडीच्या खडखडाटात आवाज आला, "हा साहा ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी सायकल चालवायला लागला म्हणतो. थापाड्या आहे. पण सायकल त्याच्याकडे आहे, फोटो बघितला मी."

"बरं झालं."

"परतीचं तिकीट काढायचं राहिलंय. तपनच्या लक्षात नाही."

"मी सांगते त्याला. पण मास्टरमोशाय, परतीला टू-टियरचं काढायचं हं. टाके ओले असतील, मधल्या बर्थखाली वाकून बसणं जमायचं नाही. दिवसाही आडवं पडता येईल. चालेल ना?"



"तिथं पडदे असतात, नाही का?"

"असतात."

"उघडे ठेवता येतात?"

"येतात की."

"मग चालेल," हरिपदबाबू म्हणाले.