दळवीसाहेबांच्या कमोडची तपासणी

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, बदलापूर पूर्वेला, शिरगावातल्या एका नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये कमोड जमिनीवर उभा राहावा की भिंतीला लटकावा, या अत्यंत गंभीर प्रश्नाची सुनावणी तीन आठवडे चालून अखेर उल्हासनगरच्या एका शोरूममध्ये येऊन ठेपली होती. फिर्यादी, श्री. दळवी. आरोपी, एक पांढराशुभ्र वॉल-हंग कमोड. आरोपीची वकील, मी.

मी इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टर. ऑफिस अंबरनाथला आहे, पण गेली बावीस वर्षं माझा मुक्काम लोकांच्या बाथरूममध्येच असतो. दळवीसाहेब अंबरनाथच्याच एका कारखान्यातून, इन्स्पेक्शन खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केलेला माणूस. ते आरोपीसमोर उकिडवे बसले आणि मान वाकडी करून खालून बघू लागले.

"ह्याला पाय नाहीत."

"म्हणूनच घ्यायचा, साहेब. खालची फरशी पुसता येते."

"टाकी कुठाय?"

"भिंतीत."

"नट-बोल्ट?"

"भिंतीत."

"म्हणजे जे तपासायला पाहिजे ते सगळं भिंतीत. मॅडम, अशा मालावर मी सही करत नाही."

शोरूमचे शेठ मदतीला धावले. "अरे साईं, इसपे हाथी बिठाओ, कुछ नहीं होगा!"

"बिठाया है कभी?" दळवींनी शांतपणे विचारलं.

शेठना एकदम आठवलं की चहा सांगायचा राहिलाय.

आता आरोपीची थोडी ओळख. भिंतीलगत एक लोखंडी फ्रेम उभी करतात. पाण्याची टाकी त्या फ्रेममध्येच बसते. फ्रेमचे पाय जमिनीला बोल्टने आवळायचे, पुढून भिंत आणि टाइल लावून सगळं बंद करायचं. बाहेर राहतात दोन जाड बोल्ट. भांडं लटकतं ते त्यांच्यावर. माझ्याकडे हुकमी मुद्दा एकच होता. साध्या कमोडची उंची कारखान्यात ठरते, याची आपण ठरवतो.

हा मुद्दा ऐकल्यावर दळवी उठून उभे राहिले. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'आईचं बाकडं, अठरा इंच.'

दळवींची आई, म्हणजे आजी, बारवी धरणाकडच्या पाड्यावर एकट्या राहत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मागे मुलाकडे, बदलापुरातच हेंद्रेपाड्याला भाड्याच्या घरी राहायला आल्या, तर तिथला कमोड डुगडुगत होता. एकदा उठताना तो कलला, आजी पडल्या आणि दळवी ड्यूटीवरून येईपर्यंत तशाच फरशीवर पडून राहिल्या. चालता येऊ लागल्याबरोबर बोचकं बांधून पाड्यावर परत. नव्या घरी एकदा येऊन बघीन म्हणाल्या होत्या. एकदाच. अंगणातल्या बाकड्यावरून मात्र त्या हात न टेकता उठत. मुलाने ते बाकडं मापून आणलं होतं.

"घेऊ," दळवी म्हणाले. "पण भिंत बंद करण्याआधी लोड टेस्ट."

मी हसून हो म्हटलं. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक साइटवर झाली. आमच्या सुरेश प्लंबरने फ्रेम उभी केली तेव्हा मी शेजारीच होते. ड्रिल लोण्यात जावं तसं जमिनीत गेलं, भोकाभोवती लालसर भुकटीचा ढीग पडला, बोल्ट आवळले गेले. पंधरा मिनिटांत काम फत्ते. मी खूश.

टेस्टच्या दिवशी दळवी डायल गेज घेऊन आले. हे घड्याळासारखं यंत्र. केसाच्या जाडीएवढी हालचाल झाली तरी त्याचा काटा सरकतो. कारखान्यात त्यावर मशीनचे पार्ट तपासतात. दळवींनी ते जमिनीवरच्या एका लोखंडी प्लेटवर उभं केलं आणि त्याचं टोक कमोडच्या पोटाला टेकवलं. टाइल अजून लागली नव्हती, म्हणून कमोड तात्पुरता लटकवून फ्रेम आणि भांड्याच्या मध्ये टाइलएवढ्याच जाडीचा प्लाय घातला होता.

सुरेश माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, ये साब को पागल कुत्ते ने काटा है क्या?"

मग कमोडवर फळी ठेवून, टाइल चिकटवायच्या मालाच्या वीस-वीस किलोच्या गोण्या एकेक करून चढवल्या. दहा झाल्या. कमोड ढिम्म. सुरेशने टाळ्या वाजवल्या.

"उतरवा," दळवी म्हणाले.

गोण्या उतरल्या. काटा परत निघाला आणि शून्याच्या अलीकडेच थांबला.

"अर्धा मिलिमीटर."

"साहेब, अर्धा मिलिमीटर म्हणजे काय!"

"वाकलं तर चालतं, मॅडम. वाकलेलं परत आलं पाहिजे. हे परत येत नाहीये. आत काहीतरी सरकतंय."

आता मलाच त्यांचा संशय यायला लागला. नापास करायची सवय लागलेला माणूस, रिटायर झाल्यावर करणार काय? मी गेजला दोष दिला, प्लायला दिला, फळीला दिला. पुन्हा गोण्या चढल्या, पुन्हा उतरल्या. काटा पाऊण मिलिमीटरवर थांबला. सुरेशचा चेहरा उतरला. दळवी वाद न घालता फ्रेमच्या पायाशी बसले आणि कोपऱ्यात साचलेली भुकटी बोटावर घेऊन माझ्यासमोर धरली.

"स्लॅब लाल असतो का हो?"

काँक्रीटची भुकटी करडी असते. लाल असते विटेची. नव्या बिल्डिंगांत बाथरूमचा स्लॅब घराच्या जमिनीपेक्षा फूटभर खाली टाकतात. त्या खड्ड्यात पाइप फिरवायचे आणि वर विटांचे तुकडे भरून सिमेंट ओढायचं. हे मी शंभर गिऱ्हाइकांना समजावलंय. आणि माझ्याच डोळ्यांदेखत फ्रेमचे बोल्ट त्या भरताडात आवळले गेले होते. टाइल लागली असती, घर सजलं असतं, आणि कधीतरी बैठक ढिली होऊन कमोड पुढे झुकला असता. आणि तेव्हा त्यावर आजी बसलेल्या असत्या. सुरेशचा पाना मी स्वतःच उचलला.

फ्रेम काढली. पायांखालची भर उकरून, स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगला धक्का न लावता, तिथे काँक्रीटचा बेड भरला. पुरता वाळू दिला, मग नव्याने बोल्ट मारले. या वेळी ड्रिल रडतओरडत आत गेलं आणि भुकटी करडी पडली. ती मी वाकून, हातात घेऊन बघितली. गोण्या चढल्या, उतरल्या, काटा शून्यावर आला. दळवींनी कच्च्या भिंतीवर पेन्सिलने 'पास' लिहून खाली सही केली. ती अजून टाइलमागे आहे.

आजी आता तिथेच राहतात. मी यातून शिकले ते एवढंच की ड्रिल झटपट आत गेलं तर खूश होऊ नये, आणि संशयी गिऱ्हाइकाला हसायचं असेल तर टेस्ट झाल्यावर हसावं.

पण पहिला दिवस सांगायलाच हवा. आजी आल्या. बोचकं न सोडता हॉलमध्येच ठेवलं आणि आत जाऊन कडी लावली. बाहेर दळवी, सुरेश आणि मी, निकालाची वाट बघत उभे. दळवींनी खात्री म्हणून गेज कमोडखाली लावूनच ठेवलं होतं. दहा मिनिटं झाली तरी फ्लश वाजेना.

"आई, बसलीस का? हलत नाही ना?" दळवींनी दाराला कान लावून विचारलं.

आतून आजी ओरडल्या, "बाबल्या, हालत नाय काय! पन तुजा तो काटा आदी भाईर ने! तो बगतंय तवर मना काय व्हायाचा नाय!"