शाल विणली तेव्हा

काल नवऱ्याचा स्वेटर भिजत घातला आणि ओल्या लोकरीच्या वासानं सौदीतल्या ताइफजवळचं ते लहानसं शेत आठवलं. आमच्या कफीलनं, म्हणजे तिथल्या अरब मालकानं, हौसेनं अल्पाकाची जोडी आणली होती, उंटासारखी मान आणि मेंढीसारखी लोकर असलेली जनावरं. नवरा त्यांना सांभाळायचा, मी लोकर कातून विणायचे. उन्हाळ्यात नर मेला. त्याची कातरलेली लोकर पोत्यात होती. मादी त्या पोत्याला चिकटून बसायची आणि घशातल्या घशात गुणगुणत राहायची. नवऱ्यानं कफीलकडे दुसरा नर मागितला. तो हात झटकून म्हणाला, “खलास!” वर त्याच्या आईला त्याच लोकरीची शाल हवी होती. मी विणायला बसले की मादी खिडकीतून मान आत घालून शालीला नाक लावायची. शाल गाडीतून गेली, त्या दिवसापासून ती फाटकाशीच उभी. चाऱ्याला तोंड लावेना. “अगं, ही आता नाही राहायची,” नवरा म्हणाला, आणि नाहीच राहिली. आता तोही नाही. मी स्वेटर पिळत होते, तेवढ्यात तिकडे वाढलेली, अजून हिंदीतच बोलणारी मुलगी आतून म्हणाली, “मम्मी, कौनसा गाना गा रही हो?” मी गात नव्हते.