कंपनीला कोणी सांगितलं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. त्यामुळे चाकणच्या कंपनीने ब्रेकनंतर मला परत घेतलं नाही, तेव्हा माझ्या डोक्यात ‘आता काय करायचं’ हा प्रश्न नंतर आला. आधी आला तो ‘कोणी सांगितलं?’

आम्ही कंत्राटी बायका. सात महिने काम, मग थोडे दिवस ब्रेक, मग ठेकेदाराचा फोन आला की पुन्हा तेच टेबल. माझं काम बसून वायरी जुळवायचं, मशीनशी संबंध नाही. मला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू आहेत आणि चार वर्षांत एकदाही आली नव्हती. तरी मी ते लपवलं होतं, कारण फिट म्हटलं की लोक आधी नाकाला लावायला चप्पल शोधतात आणि नंतर शेजारी बसायला कचरतात.

या वेळी ठेकेदाराचा फोन आलाच नाही. मी केला तर म्हणाला, “ताई, तुम्हाला फिटचा त्रास आहे म्हणे. सुपरवायझर नको म्हणतायत. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

कंपनीत हे फक्त एकीला ठाऊक होतं. मी मोशीहून कंपनीच्या बसने यायची, ती पुढे कुरुळीला चढायची आणि माझ्या शेजारी बसायची. एकदा तिने माझ्या पर्समधली गोळ्यांची पट्टी पाहिली आणि मी सांगून टाकलं होतं. आता मला सगळं जुळायला लागलं. तिची बहीण बरेच दिवस काम शोधत होती, तिला माझी जागा हवी असणार. त्याच आठवड्यात तिचे फोनावर फोन यायला लागले. आता कशाला विचारपूस, असं म्हणून मी तिचा नंबर ब्लॉक केला. खोटं कशाला सांगू, तिचं वाईट व्हावं असंही मनात आलं.

दीड महिन्याने दुसऱ्या ठेकेदाराने माझा फोटो मागितला, म्हणून मी मोबाइलमधले जुने फोटो चाळत होते. त्यात केसपेपर निघाला. ब्रेकच्या आधीचे तीन दिवस मी तापाने घरी होते. आमच्याकडे रजा तोंडी चालत नाही, लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केसपेपरचा फोटो टाकावा लागतो. नव्या केसपेपरचे वेगळे पैसे पडतात, म्हणून मी वर्षभर एकच कागद नेते आणि डॉक्टर त्यावरच खाली खाली लिहीत जातात. तळाशी ताप होता. वर स्वच्छ अक्षरात फिट आणि तिच्या गोळ्या.

ग्रुपवर सत्तर माणसं. सुपरवायझर, ठेकेदार, बसचा ड्रायव्हर, केव्हाच नोकरी सोडून गेलेलेसुद्धा. तापाच्या रजेसाठी या सगळ्यांना माझा कागद कशाला हवा होता, याचा मला आजही राग येतो. पण तेव्हा मी विचारलं नाही. दिवसभर माणसांवर संशय घेणारी मी, त्या नियमावर कधी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मी कुरुळीच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. ती उतरली. मी काय समजले होते ते सगळं तिला सांगितलं. ती चिडली नाही, त्याने मला जास्त लाज वाटली.

“फोटू आमी सगळ्यांनी बघितला,” ती म्हणाली. “मी सुपरवायझरकडं गेले हुते. म्हणलं, ती टेबलावर बसून काम करती, तिला घ्या. तो म्हणला, डॉक्टरची चिठ्ठी आणू दे आठ दिवसांत, मग बघतो. तेच सांगाया फोन करत हुते.”

“मग घरी का नाही आलीस?”

“मोशीत कुठं शोधू तुला? दोनदा विचारला हुता पत्ता. तू न्हाई दिलास.”