खाम्फन वस्तादांनी न घेतलेलं ताट

थायलंडातल्या ऊडोनमध्ये कुणी खाम्फन वस्तादांना वय विचारलं की ते म्हणायचे, "दोनशे अकरा."

"वय हो वस्ताद, वय! लढती नाही विचारल्या."

"मग तेच सांगतोय ना. दोनशे अकरा लढती झाल्या आणि मी थांबलो. पुढचं काय मोजायचं?"

बोलताना त्यांच्या नाकातून वाराच जायचा नाही. तीनदा मोडलेलं नाक ते. त्यामुळे 'मान' म्हणायला गेले की 'बाद' ऐकू यायचं. तालमीतली पोरं त्यांच्या पाठीमागे छाती काढून, डोळे बारीक करून ओरडायची, "बाद खाली घे! अरे, बाद खाली!" वस्ताद वळून बघायचे आणि म्हणायचे, "दक्कल बरी करतोस. लाथ कधी बारणार?" मग पोरं आणखीच लोळायची.

नवव्या वर्षी बुरीरामच्या एका देवळाच्या जत्रेत ते पहिल्यांदा रिंगणात उतरले. एक्केचाळिसाव्या वर्षी डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा बाहेर आले. मधल्या काळात त्यांनी लग्न केलं नाही, जमीन घेतली नाही आणि बँकॉकला जाऊन नाव काढलं नाही. एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे धाकट्या बहिणीचं लग्न. लामूनसाठी मुलगा त्यांनी स्वतः पारखला. अंगानं दणकट, बोलायला गोड, दारूचा थेंब नाही. तो तैवानला कारखान्यात कामाला गेला. दोन वर्षं फोन यायचे, मग यायचे थांबले. तिकडे त्याला दुसरं घर झालंय असं सात वर्षांनी कुणीतरी सांगितलं. लामूननं दादाला एका शब्दानं दोष दिला नाही. ती गुरांच्या दवाखान्यासमोर गाडी लावून कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर कुटून विकायला लागली, एवढंच. उखळीतला तिचा ठोका जरा जास्त जोरात पडतो असं वस्तादांना वाटायचं, पण ते कुणाजवळ बोलले नाहीत.

पन्नाशी ओलांडल्यावर लामूनच्या आयुष्यात डेरेक आला. आमच्याकडे 'र' म्हणताना जीभ निसटते, म्हणून तो सगळ्यांचा देलेक झाला. इंग्लंडात ट्रक चालवायचा. वय सत्तेचाळीस, लालबुंद चेहरा, पाठ कायम आखडलेली. सकाळी सहाला उठून लामूनच्या कोंबड्यांशी इंग्रजीत बोलायचा. आमची भाषा बोलायला लागला की गल्ली हातातलं काम टाकून ऐकायला यायची.

"मी जाणार नाय," तो छातीवर हात मारून सांगायचा. "मी इथे मरणार. पपई खाणार, तिखट खाणार, मरणार."

"आधी लग्न कर, मग मर!" लामूनची शेजारीण ओरडायची.

लग्न मात्र होत नव्हतं. तिकडचा घटस्फोट कोर्टात रखडला होता. म्हाताऱ्यांचा म्हणून जो वर्षाचा व्हिसा मिळतो, त्याला पन्नास पूर्ण लागतात आणि देलेकला तीन वर्षं कमी पडत होती. तोवर तो पर्यटक म्हणून यायचा, दोन-तीन महिन्यांनी नोंगखायचा पूल ओलांडून लाओसमधल्या वियेंतियानला जायचा आणि नवा शिक्का घेऊन परत यायचा. चौथ्या खेपेला तिथल्या व्हिसाच्या खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "पर्यटक एवढं काय बघतो इथे?" ती म्हणाली. "पुढच्या वेळी येऊ नका."

वस्ताद ज्या तालमीत शिकवायचे तिचा मालक वीरावत. त्याला शिकवण्याचा सरकारी परवाना होता. मुआय थाईचं, म्हणजे आमच्या या लाथाबुक्क्यांच्या खेळाचं, वर्षभराचं शिक्षण घेणाऱ्या परदेशी माणसाला तेवढा काळ राहता येतं. तालमीत घामापेक्षा कागद जास्त विकला जातो हे वीरावतला सगळ्यांआधी कळलं होतं. तोंड असं चालायचं की भाजीबाजारात बसला असता तर सडका मुळाही विकला असता.

"या देलेकभाऊ, या! वर्षाचा व्हिसा! घाम गाळायचा असेल तर गाळा, नसेल तर घरी पंख्याखाली बसा. गळलेला घाम काय साहेब मोजायला येतात? हजेरी आमचे वस्ताद बघतील. काय वस्ताद?"

वस्तादांनी लामूनकडे पाहिलं. ती उगाच ओढणीचं टोक पिळत होती. ते म्हणाले, "बघतो."

देलेक तीन दिवस आला. चौथ्या दिवशी लाथ मारताना त्याची पाठ अशी धरली की त्याला हातगाडीवर घालून घरी न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने उडी नाही, लाथ नाही. मग हजेरीपट वस्तादच भरू लागले. आठवड्याला पाच दिवस, निळ्या शाईनं. नुसती खूण करून त्यांचं समाधान होईना, म्हणून शेरेही लिहायला लागले. 'डावी लाथ सुधारली.' 'कंबर अजून ताठ.' 'आज फार बोलतो, कमी मारतो.' एकदा तर 'कोपर चांगलं, पण राग येत नाही' असंही लिहिलं. हे सगळं मनात बघून लिहायचे. त्यांच्या मनातला देलेक हळूहळू बरा लढवय्या होत चालला होता. पहिल्या तीन महिन्यांनी व्हिसा वाढवायला गेले तेव्हा कार्यालयात कुणी काही विचारलं नाही. शिक्का बसला.

मधे एका गुरुवारी देलेक ताट घेऊन तालमीत आला. लामूननं मांडून दिलं होतं. पांढरी फुलं, तीन उदबत्त्या, मेणबत्ती. पाठीवर पट्टा बांधलेला तो दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि ताट पुढे केलं.

वस्ताद दोन पावलं मागे सरले.

"उठ," ते म्हणाले. "हे उचल."

"मी शिष्य," देलेक म्हणाला. "कागद म्हणतो, मी शिष्य."

"कागद वीरावतचा आहे. ताट त्याचं नाही."

आमच्याकडे वस्तादानं ताट हातात घेतलं की त्या माणसाचं हाड न् हाड वस्तादाच्या नावावर होतं. तो रिंगणात मेला तर वस्ताद सुतक पाळतो. आणि ताट घेतल्यावर पहिली गोष्ट शिकवली जाते ती लाथ नव्हे, नमन. लढतीआधी रिंगणाला फेरी घालून, गुडघे टेकून, आपल्या गुरूला आणि त्याच्या गुरूला केलेला तो संथ नाच. खाम्फन वस्तादांच्या गुरूंनी त्यांना आठ महिने पाणी भरायला लावलं आणि मगच ताट घेतलं होतं.

घरी लामून चिडली. "दादा, रोज खोटं लिहितोस की पानभर! मग या फुलांनीच काय घोडं मारलं?"

"ते लिहिणं माझं आहे. ही फुलं माझ्या गुरूंची आहेत. त्यांच्याशी खोटं बोललो तर ते वरून खाली येऊन माझा पाय मोडतील."

"मोडू देत. लंगडा भाऊ परवडेल मला."

देलेकला यातलं निम्मंच कळलं. त्यानं फुलं कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली आणि म्हणाला, "पाठ बरी होणार, मग वस्ताद ताट घेणार. मी थांबणार."

सहा महिने भरत आले तेव्हा बातमी आली की दुसऱ्या जिल्ह्यात कागदावरचे विद्यार्थी सापडले आणि आता कार्यालयात करून दाखवायला लावतात. वीरावतचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. "घाबरायचं काय? वस्ताद आहेत ना! पॅड वस्तादांच्या हातात दिले तर बदकाची लाथसुद्धा गडगडते!"

हे मात्र खरं होतं. पॅड धरणाऱ्यानं येणाऱ्या लाथेला नेमक्या क्षणी पुढे होऊन गाठलं की आवाज फाडकन् निघतो आणि मारणाऱ्याला स्वतःचीच भीती वाटते. वस्तादांनी देलेकला पाच दिवस तीन लाथा आणि दोन गुडघे शिकवले. त्यांची नावंही पाठ करून घेतली. देलेक दात आवळून शिकला. पाठीला मलम चोळताना लामून दोघांनाही शिव्या देत होती आणि हसतही होती. वस्तादांनी तिला तसं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

कार्यालयात तिघंही गेले. लामून चिकट भाताची टोपली मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. काम झालं की बाहेर झाडाखाली जेवायचं ठरलं होतं.

साहेब चाळिशीतले होते. एका भुवईत जुन्या टाक्यांची रेघ. वस्तादांनी ती दारातूनच ओळखली. कोपरानं फुटते तशी भुवई दुसऱ्या कशानं फुटत नाही; साहेब कधीतरी रिंगणात उतरले होते.

साहेबांनी हजेरीपट चाळला. शेरे वाचले. "'राग येत नाही,'" ते मोठ्यानं म्हणाले आणि मिशीत हसले. "चांगलं लिहिता, वस्ताद."

"जी, साहेब." वस्तादांनी पॅड हातात चढवले.

"ते राहू द्या," साहेब म्हणाले. "पॅड कुणी धरलेत ते दिसतंय मला. पाठीचा पट्टाही दिसतोय. लाथ नको. सहा महिने झालेत, तर नुसतं नमन करू दे त्याला."

देलेकनं वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी जमिनीकडे.

त्यानं टीव्हीवर पाहिलेलं आठवून करून बघितलं. उलट्या बाजूनं फेरी घातली, गुडघे टेकले, हात गोल फिरवले, पाखरं हाकलावीत तसे. उठताना पाठ धरली म्हणून टेबलाला धरून उठला. रांगेतलं कुणीतरी फिसकन् हसलं. दुसऱ्यानं मोबाइल वर धरला. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा मोबाइल खाली गेला.

"आपलं गाव?" साहेबांनी विचारलं.

"बुरीराम."

"खाम्फन. डाव्या गुडघ्यानं मारणारे." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून तुमची लढत दाखवली होती. सुरीनच्या जत्रेत. डोळ्यात रक्त उतरलं होतं तुमच्या, तरी खाली बसला नाहीत."

"हरलो होतो ती," वस्ताद म्हणाले.

"माहीत आहे." साहेबांनी हजेरीपट मिटून बाजूला सारला. आवाज खाली आणला. "हे पुस्तक मी वाचलं नाही असं समजा. पाठ दुखते म्हणून माणूस मागे पडतो, नमन विसरतो. होतं असं. मला एकच सांगा, वस्ताद. तुमच्या शब्दावर मी शिक्का मारतो. या माणसाचं ताट तुम्ही घेतलंय ना?"

किती सोपं होतं. 'हो' म्हणायला नाकसुद्धा लागत नाही. लामून भाताची टोपली धरून अर्धवट उठली होती. देलेकला प्रश्न कळला होता, कारण त्याला ताट हा शब्द येत होता. तो वस्तादांकडे बघून मान हलवत होता, लहान मुलाला बोलतं करावं तसा.

वस्तादांनी तोंड उघडलं. आणि त्यातून बाहेर आलं, "दाही, साहेब."

नाही.

साहेबांनी हजेरीपट पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "तुम्ही हो म्हणावं म्हणूनच विचारलं होतं हो."

व्हिसा रद्द झाला. सात दिवसांत देश सोडायचा होता. खोट्या हजेरीची नोंद नावापुढे पडली, म्हणजे पुन्हा अर्ज करताना दार उघडेल याचा भरवसा नाही. महिन्याभरात वीरावतचा परवाना गेला. "एक शब्द!" तो तालमीच्या दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकवत होता. "दोनशे अकरा लढतींत जबडा हलला नाही या माणसाचा, आणि हलायला नको होता तेव्हा हलला!" पुढे त्याच जागेत त्यानं मालिश शिकवायचा वर्ग काढला. खाम्फन वस्तादांना तिथे काम नव्हतं.

नोंगखायच्या पुलाशी निरोपाला तिघं गेले. देलेक वस्तादांवर रागावला नव्हता, हेच वस्तादांना सहन होईना. "वस्ताद खरं बोलला," तो म्हणाला. "मी परत येणार. घटस्फोट होणार, कागद होणार, येणार." मग लामूनच्या केसांत नाक खुपसून काहीतरी इंग्रजीत म्हणाला. ते कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. बस पुलावर चढली.

परतीच्या गाडीत लामून खिडकीकडे तोंड करून बसली होती. ऊडोन जवळ आल्यावर ती म्हणाली, "दादा, तू हो का नाही म्हणालास?"

वस्तादांनी जमेल तसं सांगितलं. गुरू, फुलं, आठ महिने भरलेलं पाणी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुझे गुरू मेलेत," ती म्हणाली. "तो जिवंत आहे."

त्यानंतर वस्तादांनी ते मनात पुष्कळदा उलटसुलट केलं. कधी त्यांना वाटायचं, आपण बरोबर वागलो. कधी वाटायचं, तो आडमुठेपणा होता, आणि गुरूंना विचारलं असतं तर त्यांनी थोबाडीत मारून 'हो म्हण, गाढवा' असंच सांगितलं असतं. आणि सगळ्यात वाईट वाटायचं ते याचं की सात दिवस हातात असताना त्यांनी एकदा गुरुवारी देलेकला बोलावून खरोखर ताट घ्यायला हवं होतं. ते त्यांना सुचलं, तेव्हा तो विमानात होता.

देलेकचे फोन आधी रोज यायचे. मग रविवारी. त्याचा एक अर्ज फेटाळला गेला. पाठीचं ऑपरेशन झालं, मग आई आजारी पडली. फोनवर त्याची भाषा महिन्यागणिक मागे जात होती. आधी तो 'मी येणार' म्हणायचा, मग नुसतं 'येणार', मग हसायचा. लामून ओट्यावर फोन उभा करून पपई किसायची. एका रविवारी तिनं फोन ओट्यावर उभा केलाच नाही.

आता वस्ताद तिच्या गाडीवर काम करतात. पपई सोलतात, कोळसा फुंकतात, उखळ धुतात. ती त्यांच्याशी कामापुरतं बोलते. "दोन मिरच्या." "मासळीचं पाणी." "दादा, बाजूला हो." जेवायला मात्र त्यांना आधी वाढते. ते नको म्हणत नाहीत.

परवा दवाखान्यात म्हैस घेऊन आलेली एक बाई गाडीवर बसली. जुनी गिऱ्हाईक, बऱ्याच दिवसांनी आलेली.

"अगं लामून, तुझा फिरंगी कुठे गं? कोंबड्यांशी बोलायचा तो?"

"गेला."

"सोडून गेला? मेले सगळे सारखेच!"

लामूनचा हात उखळीत थांबला. "त्याला नाही हं काही बोलायचं," ती म्हणाली. "तो राहणार होता."

बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा मागे पपई सोलणाऱ्या म्हाताऱ्याकडे. काहीतरी विचारावं असं तिला वाटलं असावं. तेवढ्यात दवाखान्यातून म्हैस ओरडली, तसा तिनं घाईघाईनं भाताचा गोळा तोंडात कोंबला. वस्ताद मान खाली घालून सोलत राहिले. साल संपली, गर लागला, तरी सुरी चालूच होती.

"दादा," लामून म्हणाली, "पुरे. वाया जातेय ती."