आईला कोणी हात लावला नाही

शेजारचे काकाजी कारखान्यात डबा उघडता उघडता कोसळले, तेव्हा बाबा त्यांच्या समोरच बसले होते. भट्टीवरच्या लोकांना प्रथमोपचार शिकवलेले असत. बाबांनी त्यांचा सदरा फाडला आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत दोघातिघांनी आळीपाळीने छाती दाबली. काकाजी वाचले. कारखान्याच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाचा कार्डिओग्राम निघाला, महिनाभर त्यांना खाटेवरून उठू दिलं नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी मला आणि आईला उशीवर छाती कशी दाबायची ते दाखवलं. "उशी फाटून राहिली ना," एवढंच आई म्हणाली.

उन्हाळा लागता लागता आईचा जबडा दुखू लागला. दाढेत लवंग धरून ती कामं करायची. पाठ भरून यायची. दोन बादल्या पाणी आणलं की उंबऱ्यावरच बसायची. बाबा तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला काही विचारलं नाही, बाबांना विचारलं, "घर में कोई परेशानी है?" आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ती नळावर पडली. बाबा पहिल्या पाळीला गेलेले. मी सोळा वर्षांची, दारात वेणी घालत होते. हंडा घरंगळत गेल्याचा आवाज आला म्हणून धावले.

आमच्या घरांच्या ओळीतले पाच-सहा पुरुष सायकली धरून उभे होते. त्यांत काकाजीही.

"छाती दाबा ना कोणी," मी म्हणाले.

कोणी हललं नाही. काकाजी म्हणाले, "पोरी, वहिनीच्या अंगाले मी कसा हात लावू? थांब, काकूले बोलावतो."

काकू आल्या. त्यांनी आधी आईचा पदर छातीवर नीट ओढून घेतला, मग कांदा फोडून नाकाशी धरला. आईचे डोळे अर्धवट उघडे होते. मी तिच्या नाकाखाली बोटं धरली. काहीच लागलं नाही. मी पदर बाजूला केला आणि दाबायला लागले.

"अवो, हे पोरगी मायले मारून टाकंल," मागून कोणी तरी म्हणालं.

उशी दाबली जाते तशी ती दाबली जात नव्हती. आत कट्‌कन काही तरी मोडलं आणि मला वाटलं, आता मीच मारली हिला. पण हात थांबवायची भीती त्याहून मोठी होती. किती वेळ गेला ते आजही सांगता येत नाही. मग तिने घरघरत एक श्वास घेतला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"घबराकर बेहोश हो गई थी," दवाखान्यात सांगितलं. मी म्हणाले, श्वास बंद पडला होता. डॉक्टर मान वर न करता लिहीत राहिले. कागदावर बरगडी मोडल्याची नोंद झाली, हृदयाबद्दल अक्षरही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी तिने सिगडी पेटवली.

मी शाळेत जाणं सोडलं. ती दुपारी आडवी झाली की तिचा पदर वरखाली होतो का ते बघत बसायचे. एकदा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "कावून अशी पाहून राहिली? जा ना, खेळ." मी काही उठले नाही.

तीन आठवड्यांनी बाबांनी रजा काढून तिला नागपूरला नेलं. मीही हट्टाने गेले. तिथे कार्डिओग्राम निघाला. डॉक्टरांनी कागदाची पट्टी उजेडात धरून दोनदा पाहिली.

"यांना मोठा झटका येऊन गेला आहे. इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

बाबा हळूच म्हणाले, "दवाखान्यातच गेलो होतो, साहेब."

औषधं सुरू झाली, जड कामं बंद झाली. पाणी मी भरू लागले. त्यानंतर आई सहा वर्षं जगली. एवढ्या वर्षांत ती घरात हाकेला ओ द्यायला क्षणभर उशीर करायची, तेव्हा हातातलं टाकून मी धावायचे. बहुतेक वेळा ती मागच्या अंगणात कोणाशी तरी बोलत उभी असायची, आणि मलाच रागवायची.