इंदूआत्याचा ठेवा

इंदूआत्याने आपल्यामागे आठवणींचा अमूल्य ठेवा ठेवला आहे. हे वाक्य माझं नाही. रोह्यात तिच्या गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फलक लागला होता, त्यावरचं आहे. फलकावर आत्याचा फोटो एक आणि शोकाकुल म्हणून अकरा जणांचे. त्यातल्या नऊ जणांना मी ओळखत नाही, आत्याही ओळखत नसावी. ठेवा मात्र होता. शिसवी पलंग, फ्रिज, शिलाई मशीन, कुणाचा तरी पाळणा, वेताच्या चार खुर्च्या... आणि त्यातलं काहीही तिचं नव्हतं.

आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. रोह्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा जन्म गेला. शेवटचे दोन महिने ती पेणला रामवाडीत माझ्याकडे होती. बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी पेज भरवत असताना तिने चमचा हाताने बाजूला केला आणि म्हणाली, "तिकडे माझं काय नाय गो. सगळं लोकांचं हाय. ज्याचं त्याला पोचव." मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण कशालाही हो म्हणतो, त्यातलं ते. चौथ्या दिवशी आत्या गेली आणि ते हो माझ्या गळ्यात राहिलं.

घरमालकांना इमारत पाडून नवी बांधायची होती. त्यांनी महिन्याची मुदत दिली. मग दर रविवारी पेणहून सकाळची गाडी आणि संध्याकाळी परत, धुळीने भरलेलं डोकं घेऊन. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. 'रिबकाबाई – पलंग, गादीसह.' 'म्हात्रे, कंपनीवाले – फ्रिज, चालू.' रिबकाबाईंचं कुटुंब इस्रायलला गेलं त्याला पस्तीस वर्षं झाली. त्यांच्यामागून गल्लीतले कंपनीवाले बदल्या होऊन गेले. जो तो जायच्या आदल्या दिवशी काहीतरी घेऊन आत्याच्या दारात यायचा. "बाई, हे ठेवा." बाई ठेवायच्या. दोन खोल्यांत आत्यासाठी उरली होती ती पलंग आणि फ्रिज यांच्यामधली एका चटईची जागा. त्या जागेत ती झोपायची. फ्रिज महिन्यातून एकदा लावून बघायची, चालतोय अशी खात्री करून बंद करायची आणि स्वतःचं दूध पाण्याच्या परातीत ठेवायची.

मी नंबर शोधून फोन करायला लागले. म्हात्र्यांना फ्रिज आठवेना, नंतर आत्याही आठवेना. मशीनवाल्यांनी कुणालाही देऊन टाका म्हणून सांगितलं. रिबकाबाई हयात नाहीत. फोनवर त्यांची मुलगी सिम्हा आली. पस्तीस वर्षांत तिचं मराठी रोह्याच्या बाहेर पडलेलं नाही.

"पलंग? परत?" ती हसायलाच लागली. "अगो, तो आईनं बाईंना दिलेला. झोपायला! ठेवा म्हणाली होती ना ती?"

म्हणजे रिबकाबाई म्हणाल्या 'तुम्हीच घ्या', आणि आत्याने ऐकलं 'सांभाळा'. मराठीत दोन्हींना एकच शब्द चालतो, आणि आत्या मराठीच शिकवायची.

"आईला लय घोर, बाई खाली झोपतात म्हणून," सिम्हा म्हणाली. "झोप लागायची ना त्यांना त्याच्यावर?"

"लागायची," मी म्हटलं. "चांगली लागायची."

त्यानंतर मला काही उचलवेना. पण मुदत होती. शेवटच्या रविवारी माळा उतरवायला घेतला. मदतीला शेजारची सुलभा होती. तिने एक जड खोकं खाली दिलं आणि म्हणाली, "ताई, ह्याच्यावर तुमचंच नाव हाय."

'वीणा – डिनर सेट, न उघडलेला.' माझ्या लग्नात आलेला. मोठाल्या निळ्या फुलांचा. मला तो कधीच आवडला नव्हता. पेणला जागा नाही या सबबीवर मी तो आत्याच्या गळ्यात मारला होता. त्यानंतर दर दिवाळीला तिचा फोन यायचा, "तुझा सेट हाय गो इथं. कधी येतेस न्यायला?" आणि मी दर दिवाळीला म्हणायचे, "राहू दे गं, घाई काय आहे?"

"बिचारीला कळलंच नाही," मी सुलभाला म्हटलं. "लोक तिला देऊन गेले आणि ती राखत बसली."

सुलभा माळ्यावरून खाली उतरली. "कळत कसं नव्हतं? मी एकदा म्हटलेलं, बाई, झोपा की त्या पलंगावर, कोण बघतंय? तर मलाच म्हणाल्या, येडी काय गो तू? दिलेलं हाय ते मला ठाव नाय व्हय? पण एकदा झोपले की माझा झाला. मग रिबकीला इकडे यायला कारण काय उरलं?"

मी खोक्यावरच बसले. मग विचारलं, "इतक्या वर्षांत कुणी आलं का गं न्यायला?"

"न्यायला नाय कोण," सुलभा म्हणाली. "पण तुम्ही यायच्या की. दोनदा आलेल्या."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

सेट मी पेणला आणला. पलंग सिम्हाच्या परवानगीने सुलभाला दिला. परवानगीची गरज नव्हती, पण मी फोन केला आणि आम्ही तासभर बोललो. चार माणसांनी पाय सोडवून पलंग दारातून बाहेर काढला. मी सहसा कशाला हात जोडत नाही, तेव्हा जोडले. पस्तीस वर्षांनी त्यावर कुणीतरी झोपणार होतं.

आठवड्याने सुलभाचा फोन आला. पलंग आखूड आहे. तिच्या नवऱ्याचे पाय बाहेर येतात. सध्या त्यावर घडी न घातलेले कपडे असतात.